साबणाची वडी

डोंगरावरच्या तळ्याचा तळ काठावरून दिसायचा, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या जनावरांचा एक रिवाज होता. पाणी तळ्यात प्यायचं, अंघोळ मात्र खाली ओढ्यात करायची.

एकदा सहलीला आलेली माणसं तंबू ठोकून, होड्या वल्हवून, दंगा करून परत गेली. जाताना साबणाची वडी विसरली. ती सापडली वानराला. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात आपलं रूप दिसत नाही, म्हणून हा पठ्ठ्या तळ्यातच उतरला आणि फेस काढकाढून मनसोक्त न्हाला.

दुसऱ्या दिवशी काठाशी माशांची पिल्लं पोट वर करून तरंगत होती. सगळे जमले.

"मेली माणसं! घाण करायला येतात नुसती!" सगळ्यांत मोठा आवाज वानराचाच होता.

म्हातारी कासवीण हळूहळू पुढे सरकली. ती म्हणाली, "ओरडून घसा सुकला असेल रे बाळा. ये, पाणी पी."

वानर वाकला. पाण्याला साबणाचा वास येत होता आणि त्याच्या अंगालाही तोच. त्याला पाणी पिववेना, आणि मान वर करून कुणाकडे बघवेना.