आडवी पहार

एकदा एका आचार्यांनी आपल्या सर्वांत हुशार शिष्याला वर्गाबाहेर काढले, आणि तेही त्याच्या हातून काही चुकले नसताना.

शिष्याचा विषय होता माती. पहिल्या वर्षी तो कुतूहलापोटी शेजारच्या जलशास्त्राच्या दालनात जाऊन बसला, तेव्हा आचार्यांनीच कान धरून त्याला परत आणले होते. "आधी आपली माती पाहा," असे बजावले होते. पुढे बारा वर्षे त्याने दुसरे काही पाहिले नाही. माती ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही.

पण तीन वर्षांपासून जवळच्या गावातले पानमळे मरत होते. वेलींची मुळे कुजत होती. गावकरी मोठ्या आशेने याच्याकडे आले, आणि याला काही सांगता येईना. माती निरोगी होती. फक्त चार हातांखाली ती भर उन्हाळ्यातही ओली लागे. ती का, हे त्याच्या शास्त्रात नव्हते. मग बिचारा तीच माती पुन्हा पुन्हा चाळत बसला. विद्वानांची ही खोड जुनीच आहे.

अखेर आचार्य म्हणाले, "उद्यापासून माझ्या वर्गात येऊ नकोस. जलशास्त्राच्या दालनात शेवटच्या ओळीत बस."

शिष्याच्या पायांखालची जमीन सरकली. "गुरुजी, म्हणजे बारा वर्षं वाया गेली म्हणायची. आता नवशिक्यांत बसू?"

आचार्य त्याला आश्रमामागच्या नव्या विहिरीवर घेऊन गेले. विहीर चाळीस हात खोल, पण कोरडी. तळाशी यल्लाप्पा नावाचा विहीर खोदणारा पहार मारत होता. खाली नव्हे, बाजूच्या कातळात.

"अहो, आडवं काय खोदताय?" शिष्याने वरून विचारले.

"खाली नुसता कातळ हाय, महाराज. झरा बाजूनं जातोय."

"मग पहिल्यापासूनच आडवं का नाही खोदलंत?"

यल्लाप्पा हसला. "वरच आडवं खोदलं तर चर व्हतोय. त्याला विहीर कोण म्हनंल?"

आचार्य शिष्याकडे वळले. "तेव्हा तू वरच्यावर आडवा निघाला होतास, म्हणून कान धरला. आज तू तळाला पोचला आहेस. ती बारा वर्षं आहेत म्हणूनच शेजाऱ्याला काय विचारायचं ते तुला कळेल. मात्र तिथे पांडित्य घेऊन जाऊ नकोस, अडचण घेऊन जा."

शिष्य गेला. दोन दिवस त्याने नवशिक्यांबरोबर धडे गिरवले. तिसऱ्या दिवशी त्याने चार हातांखालच्या ओलीविषयी विचारले, तसे जलशास्त्राचे गुरुजी बोलता बोलता थांबले. "तीन वर्षांपूर्वी वरच्या अंगाच्या तलावाची पाळ उंच केली. तिचा पाझर कुठे जातो, हे मी तेव्हापासून शोधतोय. मला मातीतलं कळत नाही रे." दोघे त्याच दुपारी गावाकडे निघाले.

परतल्यावर शिष्य धावतच आचार्यांपाशी आला. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. "मळे वाचतील, गुरुजी. पाझर मळ्यांपर्यंत पोचण्याआधीच अडवून बाजूला काढायचा." मग जरा ओशाळून म्हणाला, "पण त्यासाठी शेवटी चरच खणावा लागणार."

आचार्य मनापासून हसले. विहिरीला नुकतेच लागलेले पाणी त्यांनी तांब्यात भरून त्याच्यापुढे केले.

"खण की. कुठे खणायचा, हे आता तुला ठाऊक आहे."