आडवा पडलेला बेहडा

"बाई, हे झाड मेलं कधी, एवढंच सांगा. तारीख द्या, मी निघतो."

सुधन्वाला घाई होती. सात पुस्तकं नावावर, पण आठवं दोन वर्षं शेवटच्या पानावर अडलेलं. या महिन्यात द्या, नाहीतर राहू द्या, असं प्रकाशकानं तोंडावर सांगितलं होतं. झाडाच्या मरणावर पुस्तक संपवायचं, वाचणाऱ्याला रडवायचं, असा त्याचा बेत.

शेवंताबाई घाग या देवराईत एकतीस वर्षं झाडांचा अभ्यास करत होत्या. देवाच्या नावानं राखलेलं जुनं रान, कुऱ्हाड न लागलेलं. त्यात हा बेहडा आडवा पडलेला, पुरुषाच्या छातीएवढा जाड.

"पडला त्याची तारीख आहे. नऊ वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "मेल्याची माझ्या वहीत नाही."

"पडला म्हणजे मेलाच ना?"

"बस इथं. दिसेल ते लिही. पुढं घड्याळातली वेळ घालून."

तासाभरात त्यानं तीन पानं भरली. बाईंनी चष्मा लावून वाचली.

"'रानात विषण्ण शांतता पसरली'... किती वाजता?"

"अहो, तसं नसतं ते!"

"मग कसं असतं?"

बाईंनी पानं परत केली.

"हे तू घरून लिहून आणलंयस. परत बस."

असा संताप आला त्याला, की वही फेकावी आणि एसटी धरावी. पण शेवटाशिवाय घरी काय तोंड घेऊन जाणार? बसला. पाठ भरून आली तसा खोडावरच पालथा पडला, गाल सालीला टेकवून.

दुपारी त्यानं वही पुढं केली. एकच ओळ.

'सव्वाअकरा. खोडाला कान लागला. आत कोणीतरी करकर खातंय.'

बाईंनी ती दोनदा वाचली.

"चुकलं का काही?"

"एकतीस वर्षं मी साली सोलून किडे मोजतेय," बाई म्हणाल्या. "कान नाही लावला कधी. जळली माझी अक्कल!"

त्यांनी चष्मा काढून त्याच्या हातात दिला. गुडघे धरत ओल्या पाचोळ्यात बसल्या आणि खोडाला कान लावला.

सुधन्वानं वहीचं कोरं पान उघडलं.

"बाई, मग शेवट काय लिहू?"

बाईंनी डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं.

"शेवट कसला लिहितोस रे? आतली पंगत अजून उठली नाही."