मोडलेली साक्ष

पूर्वी शंखपूर नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व भूमापकाच्या कुळात जन्मला होता. दोरी आणि मापकाठी घेऊन खोदकाम मोजणे हा त्याचा व्यवसाय होता.

एका वर्षी राजाने नगराबाहेर तळे खणायला घेतले. जागेचे चौक आखून ते खणणाऱ्यांच्या श्रेणीत, म्हणजे त्यांच्या संघात, काड्या टाकून वाटले गेले. वैशाखी पौर्णिमेपर्यंत सर्व चौक एकाच तळाला पोचले पाहिजेत. जो मागे राहील त्याची कुदळ श्रेणी काढून घेईल, असे ठरले. कुदळ गेलेल्याला त्या राज्यात कोणी कामाला बोलावीत नसे.

कण्हा नावाच्या विधवेच्या वाट्याला काठावरचा चौक आला. तेथे एक टेकाड होते. त्याचे निम्मे अंग तिच्या चौकात, निम्मे तळ्याबाहेर. शेजारच्या पुष्कराला म्हशी लोळण्याची जागा मिळाली. ती मुळातच खोल होती.

श्रेणीची एक रीत होती. खणताना चौकाच्या मधोमध मातीचा एक खांब तसाच ठेवायचा, त्याच्या माथ्यावरचे गवतही हलवायचे नाही. खणणे कोठून सुरू झाले हे तो सांगे, म्हणून त्याला ‘साक्ष’ म्हणत. मोजणीनंतर मापकानेच ती मोडायची. आधी मोडणारा लबाड ठरे.

पौर्णिमा चार दिवसांवर आली. पुष्कर तळाला पोचून जांभळीखाली बसला होता. कण्हाचा तळ अजून तीन हात वर होता. तळाची खूण दाखवणाऱ्या ताणलेल्या दोरीकडे ती घडोघडी पाही. घास तोंडात नुसता फिरे. कुदळ मुरमावर आपटली की तिला वाटे, हा आवाज साऱ्या तळ्यात ऐकू गेला.

“कण्हे,” पुष्कर वरून म्हणाला, “तुझा तळ काही खाली जाईना, साक्ष मात्र ताडासारखी वाढतेय! अधिकारी विचारतील, एवढी माती कोणासाठी राखलीस? माहेरी धाडायला?”

“थट्टा पुरे, दादा.”

“थट्टा कसली? ते तळ बघतात, बाई. वरचं गवत कोण बघतो?”

तो हसत निघून गेला. साक्ष उंच म्हणजे श्रम जास्त, हे कण्हाला लहानपणापासून ठाऊक होते. पण भीतीने ते ठाऊक असलेलेही पुसून टाकले. तिला दिसत होती ती केवळ अजून उभी असलेली नऊ हात माती. मोजणीच्या आदल्या दुपारी तिने साक्ष पाडली. पडलेल्या ढेकळांत गवताचा माथा दिसला, तेव्हा आपण काय केले हे तिला कळले.

दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेच्या सकाळी, बोधिसत्त्व मोजणीला आला. सोबत तळ्याचा अधिकारी वल्लभ होता.

“तळ दोन हात उणा, आणि वर साक्षही मोडलेली!” वल्लभ ओरडला. “कुदळ खाली ठेव. मापक, लिहून टाका. तुमची नेमणूकही माझ्याच शब्दावर आहे, हे विसरू नका.”

बोधिसत्त्वाने लेखणी उचलली नाही. “बाई, का मोडलीस?”

“भ्याले, आर्य.”

“कोणाला?”

कण्हाने तळाच्या खुणेच्या दोरीकडे पाहिले. मग म्हणाली, “दोरीला.”

बोधिसत्त्व चौकाच्या बाहेरच्या कडेला गेला. तेथे टेकाडाचे दुसरे अंग सरळ कापल्यासारखे उभे होते, आणि माथ्यावर गवत हलत होते. त्याने तेथून दोरी खाली सोडली. नऊ हात. मग पुष्कराची साक्ष मोजली. तीन हात.

“रीत म्हणते, साक्ष मोडणारा लबाड,” तो म्हणाला. “पण लबाड माणूस न केलेले काम लपवतो. हिने केलेलेच पुसले आहे. हिला लबाड कसे लिहू?”

“श्रम बघून पाणी साठत नाही, मापक!”

“खरे आहे. उरलेले दोन हात खणावेच लागतील. पौर्णिमेचा दिवस अजून मावळलेला नाही.” त्याने दोरी गुंडाळून ठेवली आणि मातीची पाटी उचलली. “कुदळ तिच्याच हाती राहू द्या.”

पुष्कर खाली उतरला. त्याची मान वर होत नव्हती. “पाटी इकडे द्या, आर्य. जो हसला, त्यानंच वाहावी.”

कण्हाने कुदळ उचलली. आता ती दोरीकडे पाहत नव्हती. सूर्य मावळण्यापूर्वी तिचा तळ इतरांच्या तळाला मिळाला.

ही कथा सांगून शास्ते भगवान समोर बसलेल्या भिक्षुणी विशोकेकडे वळले. लेखणी कधी हाती न धरलेली ती स्त्री, पावसाळ्याच्या साऱ्या वर्षावासात चार चरणांची एकच गाथा पाठ झाली म्हणून चीवर उतरवून संघ सोडायला निघाली होती. ते म्हणाले, “तेव्हाची कण्हा ती हीच. शंभर गाथा म्हणून दाखवून हिला हसणारा भिक्षू तेव्हाचा पुष्कर. हिला घालवून द्या म्हणणारा गृहस्थ तेव्हाचा वल्लभ. आणि तो भूमापक मीच होतो. विशोके, तू कोठून सुरुवात केलीस हे सांगणारी, तेव्हा मोडलेली साक्ष आज पुन्हा मोडू नकोस.”

विशोकेने चीवर सावरले आणि ती गाथा पहिल्या अक्षरापासून म्हटली.

मापकाची ती प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची पूर्णता होती; कण्हाची वीर्यपारमिता, म्हणजे प्रयत्नांची.