लपवलेले दुखणे

लहानथोरांनो, पुष्कळ पिढ्यांमागे डोंगराखाली विणकरांचे एक गाव होते. तिथल्या भिवरा नावाच्या विणकरणीचे मन बाळंतपणात बिघडले. ती मागावर बसेना, तान्ह्या लेकीला जवळ घेईना. भिंतीकडे तोंड करून पडून राही. वैद्याच्या औषधाने झोप लागू लागली, पण जाग आली की भीती होतीच. शेजारणी म्हणत, "बाहेरचे असेल काही," आणि उंबऱ्यावरूनच परत जात.

एके दिवशी शेळ्या राखणारी म्हातारी ठकू आत आली आणि तिच्याजवळ भुईवर बसली.

"भिंत बोलते ना गं?" तिने विचारले. "माझ्याशीही बोलायची."

भिवराने कितीतरी दिवसांनी मान वळवली. "मला मर म्हणते."

"मलाही तेच म्हणायची. मी मेले नाही."

ठकू रोज येऊ लागली. औषध चुकू देत नसे, भिवरा रडली तर रडू देई. हळूहळू भिवरा उठली, मागावर बसली, लेकीला न्हाऊ घालू लागली.

मग नवऱ्याने तिला दूरच्या नगरात नेले. "इथे कोणाला काही कळता कामा नये," तो म्हणाला. "उद्या पोरीचे लग्न करायचे आहे." भिवराला ते पटले.

काही वर्षांनी ठकूचे दुखणे उलटले. विचारत विचारत ती त्या नगरात आली. केस पिंजारलेले, नजर भिरभिरती.

"भिवरे, जरा माझ्याजवळ बस," ती दारातून म्हणाली.

शेजारी पाहत होते. भिवरा म्हणाली, "मी हिला ओळखत नाही."

ठकू वळून चालू लागली. चार दिवसांनी नदीकाठी तिचे प्रेत सापडले.

लेक मोठी झाली, सासरी गेली, आणि पहिल्या बाळंतपणात तिचेही मन बिघडले. भिवरा धावत गेली. "बाळ, मीही यातून गेले आहे गं."

लेक थकल्या आवाजात म्हणाली, "समजूत काढायला खोटे बोलू नकोस, आई. तुला काय कळणार यातले?"

भिवराने नवऱ्याकडे पाहिले. "तुम्ही तरी सांगा हिला."

समोर व्याही बसले होते. नवरा म्हणाला, "आमच्या घरात असे कधी कोणाला झाले नाही."

लेक जगली. पण मनातले म्हणून आईशी ती पुन्हा कधीच काही बोलली नाही.

तात्पर्य: सोसलेले दुखणे जो लाजेपायी लपवतो, त्याचा आधार त्याच दुखण्यात सापडलेल्या त्याच्या माणसालाही मिळत नाही.