इवलीचा दाणा आणि बकुळचं बोट

अंगणवाडीच्या उंबऱ्याशी एक बीळ. बिळात राहायची इवली मुंगी. तिची धाकटी बहीण बिळातच बसून होती. पाय दुखत होता. भूक लागली होती.

इवलीने तिच्यासाठी साखरेचा दाणा आणला. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत एक ताट. ताटात वाळू. पांढरी, बारीक. मुलं त्या वाळूत बोटाने अक्षरं गिरवायची. इवली ताटाच्या काठावर चढली. पाय घसरला. दाणा पडला. वाळूत गडप!

इवलीने वाळू उकरली. वाळू घसरली. पुन्हा उकरली. पुन्हा घसरली.

ताटासमोर बसली होती बकुळ. मूठ घट्ट मिटलेली. मुठीत तिचं बोट.

इवली म्हणाली,
"बोटा रे बोटा, वाळूत फिर.
माझा साखरेचा दाणा सापडत नाही!"

बोट म्हणालं, "मी नाही जा! खडू अक्षर काढत नाही. मग मी काय गिरवू?"

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. खडू फळ्याखाली लोळत होता.

"खडू रे खडू, अक्षर काढ.
बोट वाळूत फिरत नाही,
माझा साखरेचा दाणा सापडत नाही!"

खडू म्हणाला, "मी नाही जा! फळ्यावर कालचंच लिहिलेलं आहे. फडकं फळा पुसत नाही."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. फडकं खिळ्यावर लोंबत होतं.

"फडक्या रे फडक्या, फळा पुस.
खडू अक्षर काढत नाही,
बोट वाळूत फिरत नाही,
माझा साखरेचा दाणा सापडत नाही!"

फडकं म्हणालं, "मी नाही जा! बघ, मी किती कोरडं. नुसती धूळ उडेल. आं... आंक्छी! पाणी मला भिजवत नाही."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाणी माठात गार झोपलं होतं.

"पाण्या रे पाण्या, फडकं भिजव.
फडकं फळा पुसत नाही,
खडू अक्षर काढत नाही,
बोट वाळूत फिरत नाही,
माझा साखरेचा दाणा सापडत नाही!"

पाणी म्हणालं, "मी नाही जा! मला पाय आहेत का? ताई मला काढत नाही."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. शेवंताताई चिंचोके निवडत होत्या.

"ताई गं ताई, पाणी काढ.
पाणी फडकं भिजवत नाही,
फडकं फळा पुसत नाही,
खडू अक्षर काढत नाही,
बोट वाळूत फिरत नाही,
माझा साखरेचा दाणा सापडत नाही!"

ताई म्हणाल्या, "मी नाही गं बाई उठत! कालपासून विचारतेय, 'अक्षर गिरवतेस का?' बकुळ हो म्हणत नाही. तिने हो म्हणावं, मग मी उठेन."

इवली परत निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. बकुळच्या मुठीवर चढली.

"बकुळ गं बकुळ, हो म्हण.
ताई पाणी काढत नाही,
पाणी फडकं भिजवत नाही,
फडकं फळा पुसत नाही,
खडू अक्षर काढत नाही,
बोट वाळूत फिरत नाही,
माझा साखरेचा दाणा सापडत नाही!"

बकुळने मूठ आणखी घट्ट आवळली. मग हळूच म्हणाली,
"माझं चुकेल ना."

"चुकू दे," इवली म्हणाली. "मी रोज वाट चुकते."

"मग काय करतेस?"

"थांबते. मागे वळते. पुन्हा चालते."

"कुणी हसत नाही?"

"हसतात की! माझी धाकटीच हसते. आज मात्र ती उपाशी आहे."

बकुळने वाळूकडे पाहिलं. मुंगीकडे पाहिलं. आणि म्हणाली,
"हो!"

बकुळ हो म्हणाली.
ताईंनी पाणी काढलं. डुबुक!
पाण्याने फडकं भिजवलं. टप टप टप!
फडक्याने फळा पुसला. सुर्र सुर्र!
खडूने अक्षर काढलं. कर्र कर्र! फळ्यावर मोठा र आला.

मूठ हळूहळू उघडली. बोट बाहेर आलं. वाळूत टेकलं.

"वरून खाली ये," ताई म्हणाल्या. "आता वळ. शाब्बास! आता तिरकी शेपटी. बास. अगं बास, बास!"

बोट थांबेचना. सर्र सर्र सर्र! शेपटी गेली, गेली, थेट ताटाच्या काठाशी गेली.

"अगंबाई!" ताई म्हणाल्या. "ही र ची शेपटी की माकडाची?"

बोट परत मुठीत जाणार, इतक्यात शेपटीच्या टोकाशी काहीतरी चमकलं. इवलंसं. पांढरं. चौकोनी.

"दाणा!" इवली ओरडली. "माझा दाणा!"

बकुळ वाकली. नाक वाळूला टेकलं. "ताई, माझ्या शेपटीत सापडला!"

"बरी लांब गेली गं शेपटी," ताई म्हणाल्या. आणि हसल्या. बकुळही हसली.

"ताई, मी अजून एक काढू?"

"काढ की. आधी मुंगीला उतरू दे."

इवलीने दाणा उचलला. काठावर चढली. काठावरून उतरली. तुरुतुरु, तुरुतुरु. बिळात शिरली.

धाकटीने दाणा धरला. कुट कुट कुट. निम्मा खाल्ला. निम्मा इवलीला दिला. मग तिने विचारलं,
"एवढा उशीर का गं?"

"एका बोटाला वेळ लागला," इवली म्हणाली. "त्याचं पहिलंच अक्षर होतं."

दाणा गेला पोटात,
अक्षर आलं बोटात.