गिरजाबाईची भाकरी

“मग माझ्या सेवेत उणं काय आहे, ते तरी सांगा ना, सिस्टर?”

डॉक्टर शार्दूल केतकरनं हे विचारलं, तेव्हा सिस्टर दीना धुतलेल्या पट्ट्या गुंडाळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मी पहाटे उठतो. जमिनीवर बसून लोकांचे पाय धुतो. कुणाकडून काही म्हणजे काही घेत नाही.”

“बघतेय मी,” सिस्टर म्हणाल्या. “तेच बघतेय.”

माळावरचा हा मिशनचा दवाखाना जुना. कुष्ठरोग बरा झालेली, पण हातापायांची जाणीव परत न आलेली माणसं इथं येत. पायात काटा मोडला तरी त्यांना कळत नाही. जखम चिघळते, तेव्हा शेजारच्यांना वास येतो. म्हणून इथली रीत अशी, की सकाळची प्रार्थना झाली की सगळ्यांचे पाय कोमट पाण्यात भिजवायचे, घासायचे, तेल लावायचं, आणि मग औषधपाणी. सिस्टरांचा जन्म त्यात गेला. आता हात थरथरत, म्हणून जखमेचं काम त्या दुसऱ्यावर सोपवत.

शार्दूल पुण्याहून सुट्टी काढून, बिनपगारी सेवेला आला होता. मनाचा चांगला पोरगा. फक्त आपण चांगले आहोत, हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

“गिरजाबाई आजही आल्या नाहीत माझ्याकडे,” तो म्हणाला. “त्या बघा, निंबाखाली बसल्यात, पाय लुगड्यात झाकून. इथवर येतात आणि पाय दाखवत नाहीत. जखम हाडापर्यंत गेली तर पाय कापावा लागेल, सिस्टर. सांगून सांगून थकलो मी.”

“काय म्हणते ती?”

“बघू म्हणतात.”

“आधी दाखवायची?”

“सुरुवातीला दाखवायच्या. गप्पासुद्धा मारायच्या.”

“येताना काही आणायची?”

“भाकरी आणायच्या, फडक्यात बांधून. मी दरवेळी परत दिली.” शार्दूलचा आवाज थोडा उंचावला. “म्हटलं, आजी, सेवेचं काही घ्यायचं नसतं. तुम्हीच खा.”

सिस्टरांचे हात थांबले.

...

“भाकरी थापलेली कुणी?”

“त्यांनीच असणार...”

बोलता बोलता तो अडखळला. गिरजाबाईंचे वाकड्या, आखूड बोटांचे हात त्याच्या डोळ्यांपुढे आले.

“सिस्टर, तसलं काही नव्हतं माझ्या मनात. मला किळस असती तर मी त्यांची जखम धुतली असती का?”

“तुझ्या मनातलं तिला कसं दिसणार?” सिस्टरांनी आता पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. “जखम धुवायला पगारी माणूसही बसतो, बाळा. तिच्या हातचं कोण खातं?”

शार्दूलनं औषधांची पेटी उचलली.

“मी जाऊन माफी मागतो.”

“ती काय करील तुझी माफी घेऊन?”

“मग काय मागू?”

सिस्टर उठल्या. त्यांनी त्याच्या हातातली औषधांची पेटी काढून घेतली. खिशातले हातमोजे घेतले. गळ्यातला स्टेथोस्कोप उतरवून खुंटीला अडकवला.

“सकाळपासून काही खाल्लंस?”

“नाही.”

“मग जा.”

अंगणातून जाताना शार्दूलला स्वतःच्या हातांचं काय करावं कळेना. पेशंटसमोर रिकाम्या हातानं तो आजवर कधी गेला नव्हता. निंबाखाली जाऊन तो गिरजाबाईंसमोर उकिडवा बसला.

“आजी, भूक लागलीय. काही आहे का?”

गिरजाबाईंनी त्याचे रिकामे हात पाहिले.

“हाय,” त्या म्हणाल्या. “पर म्याच थापलीय. ह्याच हातांनी.”

त्यांनी दोन्ही हात त्याच्यापुढं धरले.

“द्या,” शार्दूल म्हणाला.

फडक्याची गाठ दातांनी सोडवून त्यांनी भाकरी पुढं केली. बाजरीची, वर ठेच्याचा गोळा. पहिल्याच घासाला शार्दूलला ठसका लागला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं. गिरजाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

“पानी प्या, डाक्टर. शहरातली जीभ तुमची.”

तो त्यांच्याच तांब्यातून पाणी प्यायला. त्या बघत होत्या.

“माझ्या लेकाच्या घरी माझं ताट येगळं हाय,” त्या हळूच म्हणाल्या. “तांब्या बी येगळा.”

शार्दूलनं आणखी एक घास मोडला. त्याला फार लाज वाटत होती, आणि फार बरंही वाटत होतं.

...

मग कुणी न सांगता गिरजाबाईंनी लुगडं बाजूला सारलं आणि पायाची चिंधी सोडली. वास आला. शार्दूलनं वाकून नीट पाहिलं. जखम खोल होती, पण हाड उघडं पडलं नव्हतं.

“पाय वाचेल, आजी. पण आता चालायचं नाही. काही दिवस इथंच राहावं लागेल.”

“ऱ्हाईन की. भाकरी कुठं थापू, तेवढं सांगा.”

“चुलीपाशी एकटं बसायचं नाही. तुम्हाला चटका कळत नाही. तुम्ही थापा, तव्यावर मी टाकतो.”

“करपवाल,” गिरजाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पाय त्याच्या मांडीवर ठेवला.

पाणी आणि पेटी मागवून, पाय धुऊन, पट्टी बांधून शार्दूल आत आला तेव्हा दुपारची घंटा होत होती. उरलेली भाकरी फडक्यासकट त्याच्या हातात होती. सिस्टर अजून पट्ट्याच गुंडाळत होत्या.

“दाखवला त्यांनी पाय,” तो म्हणाला. “तुम्ही मला औषधाशिवाय पाठवलंत... पण औषध तर हेच होतं.”

त्यानं फडकं त्यांच्यापुढं उघडलं.

“फक्त एक सांगा, सिस्टर. औषध त्यांचं, की माझं?”

सिस्टर दीनांनी थरथरत्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात टाकला. डोळे मिटून बराच वेळ चावत राहिल्या.

“सगळी एकट्यानं संपवू नकोस,” त्या म्हणाल्या. “मलाही लागते.”