गेला की घालवला

“गेला म्हणजे कुठं गेला?” हौसाक्कांनी विचारलं.

धैर्यशीलला तो प्रश्न झोंबला. घाटमाथ्यावरच्या याच गॅरेजात, याच आक्कांच्या हाताखाली तो पान्हा धरायला शिकला होता. पण ते जुनं झालं. आता खाली बाजारात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, पाटीवर त्याचं नाव होतं, आणि इंजिनाचं दुखणं पडद्यावर लिहून दाखवणारा स्कॅनर त्याच्या काखेत होता.

“गेला म्हणजे… खराब झाला, आक्का. क्रँकचा सेन्सर. मशीनच सांगतंय.”

“कुठं दुखतंय ते सांगतंय. कशानं दुखतंय, ते?”

धैर्यशीलनं स्कॅनरचा पडदा पुन्हा चाळला.

गाडी मालनताईंची होती. डायलिसिसचे पेशंट घाट चढवून कोल्हापूरला न्यायचे आणि संध्याकाळी घरी पोचवायचे, हा त्यांचा धंदा. बाई स्वतः गाडी चालवायची आणि कुणाच्या बापाला भ्यायची नाही. पण काही दिवस झाले, घाटात तापली की गाडी झोप लागल्यासारखी बंद पडायची. गार झाली की जणू काही झालंच नाही अशी चालू. धैर्यशीलनं नवा सेन्सर घातला. तरी तेच. परवा तर ऐन वळणावर बंद पडली, आणि मागच्या सीटवर सुई टोचून घ्यायला निघालेले शंकरतात्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी गाडी सांगितली.

तेव्हा धैर्यशील मालनताईंना म्हणाला होता, “आता पुन्हा बंद पडली, तर माझी पाटी उतरवीन.” आणि दुसरा सेन्सर घातला होता.

आज रिकामी गाडी घेऊन दोघं घाट चढले. माथ्याच्या शेवटच्या वळणावर ती बंद पडली. ढकलत आक्कांच्या दारात आणली.

“मग, पाटी आज उतरवणार की उद्या?” मालनताईंनी पदरानं घाम पुसत विचारलं.

“उतरवतो म्हणलंय ना. उतरवतो.”

“पाटीनं गाडी बंद पाडली होय रे?” आक्का म्हणाल्या.

मालनताई फिस्सकन हसल्या. धैर्यशील हसला नाही. त्याच्या मनानं आतल्या आत गॅरेजचं शटर कधीच खाली ओढलं होतं.

हौसाक्कांना हे काम कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं नाही म्हणून त्यांचं अडलंही नाही. त्यांनी स्कॅनरकडं पाहिलं नाही. बोनेट उघडलं आणि म्हणाल्या, “सेल्फ मार.”

सेल्फ फिरला. इंजिन घरघरलं, पण पेटलं नाही.

“माझ्या तोंडाकडं काय बघतोस? काटा बघ.”

आरपीएमचा काटा शून्यावर मेल्यासारखा पडला होता.

“इंजिन फिरतंय का?”

“फिरतंय.”

“काट्याला कळतंय का?”

“…नाही.”

“मग?”

“क्रँक फिरतोय हे सांगणाराच मुका झालाय. म्हणून तर म्हणतोय, सेन्सर…”

“गप.”

आक्कांनी माठातल्या पाण्यात एक फडकं बुडवलं. पिळलं. मग वाकून हात पार कोपरापर्यंत इंजिनात घातला आणि त्या बोटाएवढ्या सेन्सरवर ते फडकं ठेवलं. तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी, तसं. मधूनमधून पट्टी उलटत होत्या.

मालनताई दगडावर टेकल्या.

बऱ्याच वेळानं आक्का म्हणाल्या, “मार.”

काटा थरथरला. उठला. इंजिन पेटलं.

“बघा!” धैर्यशील सीटवरून उडी मारूनच खाली आला. “सेन्सरच! मी काय म्हणत होतो? तापला की मरतोय, गार झाला की जिवंत. माल खराब येतोय, आक्का, हल्ली सगळा माल असलाच. हाही गेला!”

आक्कांनी फडकं खांद्यावर टाकलं.

“गेला, की घालवला?”

“म्हणजे?”

“इकडं ये.”

त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि पंजा इंजिनात नेला, सेन्सरच्या अगदी शेजारी. तिथून धुराचा पाइप जात होता. लालबुंद नव्हता, पण त्याची झळ…

“अगं आई गं!” धैर्यशीलनं हात झटक्यात मागं घेतला.

“का काढलास?”

“भाजतंय की!”

“त्यानं कुठं काढायचा?”

धैर्यशील फुंकर मारायचा थांबला.

तो पुन्हा वाकला. या वेळी स्कॅनर जमिनीवर ठेवून. पाइप आणि सेन्सर यांच्या मधे, धातूच्या अंगावर, बोल्टाची दोन भोकं होती. रिकामी. कडेचं तेल पुसलेलं, स्वच्छ. कुणीतरी नीट, मन लावून काहीतरी काढून घेतलं होतं.

त्याचा चेहरा उतरत गेला…

“इथं पत्रा होता,” तो म्हणाला.

आक्का खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत राहिल्या.

“वाजत होता. मालनताई म्हणाल्या, गाडी लय खडखडते, पेशंट कावतात. मी बघितलं, तर हा एवढासा पत्रा. याचं इथं काय काम, म्हणलं. काढून टाकला.” रिकाम्या भोकावर बोट ठेवून तो म्हणाला, “सेन्सर त्याच्यानंतर मरायला लागले.”

“आणि मी चार जणांत तुझं कौतुक केलं!” मालनताई दगडावरून उठल्या. “काय हात आहे म्हणलं पोराचा, खडखड एका झटक्यात बंद!”

“ताई, सेन्सर गेले नव्हते. मी घालवले.”

असं तो मोठ्यानं म्हणाला. गिऱ्हाइकापुढं. मेस्त्री माणसाच्या तोंडातून हे वाक्य निघायला किती जोर लागतो, ते मेस्त्रीलाच ठाऊक.

मालनताईंनी पदर कमरेला खोचला. मग म्हणाल्या, “हं. आता बोललास माणसासारखं.”

आक्का आत गेल्या आणि पत्रा कापायची कात्री त्याच्या पुढ्यात टाकून बाहेर वाऱ्याला बसल्या. मदतीला आल्या नाहीत. धैर्यशीलनं माप घेऊन एका जुन्या पत्र्यातून तुकडा कापला, कडा घासल्या, वाकवला. लावला, काढला, पुन्हा वाकवून लावला. वाजू नये म्हणून बोल्टाखाली वायसर घातले. पिशवीतला शिल्लक सेन्सर बसवला. पाइप आणि सेन्सर यांच्या मधे बोट घालून पाहिलं. मग बोनेट पाडलं.

इंजिन पहिल्याच सेल्फला उठलं.

त्याला आनंद झाला नाही. गार गाडी काय, कुणाच्याही हातची चालते.

“घाट उतरून पुन्हा चढवायला पाहिजे,” तो म्हणाला. “तापल्यावरच कळंल.”

मालनताईंनी चावी त्याच्या अंगावर फेकली. “तू चालव. मी इथं चहा पिते. परत आलास, तर माझे पेशंट तुझ्या भरवशावर. नाही आलास, तर पाटी उतरवायला मी शिडी धरते.”

धैर्यशील स्टिअरिंगमागं बसला. समोर रस्ता वळून खाली दरीत जात होता, आणि त्याच रस्त्यानं वर यायचं होतं.

“आक्का,” खिडकीतून डोकं बाहेर काढून तो म्हणाला, “पुन्हा थांबली तर?”

हौसाक्का उठल्या. मागचं दार उघडलं. शंकरतात्या बसायचे त्या जागेवर नीट मांडी घालून बसल्या, आणि दार लावून घेतलं.

“थांबली तर थांबू दे. मी उतरायची नाही.”